पहिल्या टॉवेलचे कुंकू

मी, सौ. सिद्धम्मा गुरप्पा बिराजदार, वय ५४ वर्षे, धंदा टॉवेल कारखान्यात नोकरी, राहणार भवानी पेठ, सोलापूर, मूळ गाव दुधनी, ता. अक्कलकोट. आज रोजी पोलीस ठाण्यात आपण होऊन हजर राहून जबाब देते तो असा की,

मी वरील पत्त्यावर पती व सासूसह राहण्यास असून चिंचोळी एमआयडीसीतील टॉवेलच्या कारखान्यात कामास आहे. मला कुणी बोलावलेले नाही, कुणी पढवलेले नाही. हवालदार उत्कर्षाबाई माझे बोलणे सरकारी भाषेत लिहून घेत आहेत, त्यास माझी हरकत नाही. मात्र माणसे एकमेकांशी जे बोलली ते जसेच्या तसे लिहावे, असे मी त्यांना बजावले आहे.

माझे काम टॉवेल तपासण्याचे होते. गाठ, डाग, सुटलेला धागा दिसला की तो टॉवेल बाजूला काढायचा. गेल्या वर्षी आमचे मालक उदयसिंह यांनी हेच काम करणारे मशीन आणले. टेबलाच्या वर कॅमेरा आणि बाजूला स्क्रीन. ते बसवायला पुण्याहून आरोही नावाची इंजिनिअर मुलगी आली. ती मला म्हणाली, "आक्का, मशीनला अजून काही कळत नाही. तुम्ही टॉवेल बघा, चांगला असला तर हिरवं बटण दाबा, खराब असला तर लाल. तुमचं बघून ते शिकेल." मी म्हटले, "शिकंल की, पण मास्तरीणबाईला गुरुदक्षिणा काय?" ती लई हसली. मुलगी गुणाची आहे.

स्क्रीन उघडायला बोटाचा ठसा लागतो. माझे ठसे सुतावर झिजले आहेत, मशीन ते घेत नव्हते. म्हणून तन्वीर नदाफ रोज सकाळी स्वतःच्या बोटाने स्क्रीन उघडून द्यायचा. तन्वीर आमच्याकडे जॉबर आहे, मागावर सुताचा नवीन बीम चढवणे आणि माग दुरुस्त करणे हे त्याचे काम. बटणे मी दाबत होते, कॉम्प्युटरात नाव त्याचे पडत होते. यात काही वावगे आहे असे आम्हा दोघांनाही वाटले नाही.

आमच्या कारखान्यात नवीन बीम चढला की नारळ फोडतात आणि त्याच्यावर विणलेल्या पहिल्या टॉवेलच्या कोपऱ्याला कुंकू लावतात. तो टॉवेल देवाचा. पहिल्या टॉवेलात गाठी आणि सुटे धागे असतातच, त्याला इलाज नाही. पण देवाच्या टॉवेलाला खराब म्हणायचे कसे? माझे बोट लाल बटणाकडे जाईना. मी हिरवे दाबायची आणि टॉवेल उचलून वेगळा फळीवर ठेवायची. नंतर तो कुणीतरी मठात देऊन यायचे. मी रजेवर असले की कुंकू तन्वीर लावायचा. मी त्याला एकदा विचारले, "तुला चालतंय का रं?" तर म्हणाला, "आक्का, मागाला चालतंय की."

मशीन शिकून तयार झाले तेव्हा मला घडी घालण्याच्या खात्यात दिले. त्याचे मला वाईट वाटले नाही, तिथे पंखा चांगला आहे. मात्र तपासणीच्या टेबलापाशी मग कुणीच राहिले नाही.

अलीकडे एका परगावच्या गिऱ्हाइकाने माल परत पाठवला. गाठीचे टॉवेल, वर त्यांना लाल डाग. मालकांनी कॉम्प्युटर बघितला. असला माल मशीनने चांगला म्हणून सोडलेला, आणि मशीनला शिकवणाऱ्याचे नाव तन्वीर. मशीन आले तेव्हा तन्वीर चहाच्या गाड्यावर उघड बोलला होता, की हे आपल्या पोटावर येणार. त्यावरून मालकांना वाटले की याने मुद्दाम मशीनला चुकीचे शिकवले आणि डागही पाडले. त्यांनी तक्रार दिली.

आज सकाळी तन्वीरची बायको रुक्साना रडत माझ्या घरी आली. त्याला चौकशीला नेले आहे आणि तो तोंड उघडत नाही, असे तिने सांगितले. मी तिला घेऊन रिक्षाने कारखान्यात गेले. मालक आणि पुण्याहून बोलावून घेतलेली आरोही परत आलेल्या टॉवेलांच्या ढिगापाशी उभे होते. मी डाग बघितला आणि म्हटले, "यव्वा! आवो हे कुंकू हाय की!"

मी सगळे सांगितले. आरोहीने डोक्याला हात लावला. फाटका, जागोजाग धागे सुटलेला टॉवेल घेऊन तिने कॅमेऱ्याखाली धरला. लाल दिवा लागला. मग मी माझ्या करंड्यातले कुंकू त्याच टॉवेलच्या कोपऱ्याला लावले. हिरवा दिवा लागला. मशीनने माझ्याकडून एवढेच शिकून घेतले होते, की कुंकू असले म्हणजे टॉवेल चांगला. मी घडीच्या खात्यात गेल्यावरही कुंकू लागत राहिले, पण तो टॉवेल उचलून फळीवर ठेवायला कुणी नव्हते. मालक म्हणाले, "आक्का, हे आधी का नाही सांगितलं?" मी म्हटले, "मला कुणी इचारलंच न्हाय की!"

तिथून आम्ही सगळे इकडे आलो. तन्वीर बाकावर बसला होता. मला बघून उठला आणि म्हणाला, "आक्का, तुमे कायकू आए इधर?"

मी म्हटले, "तुला कुंकवाचं ठावं होतं की रं. मग सकाळधरनं गप का बसलास?"

तो म्हणाला, "बोलता तो तुमकू बुलाते."

मी त्याला ठाण्यातल्या साहेबांसमोरच झापले. "मी काय कागदाची हाय व्हय, ठाण्यात आले तर फाटंल?" असे म्हणाले. नंतर मला रडू आले. ते लिहू नका असे मी सांगितले होते, पण बाईंनी लिहिले आहे. असू दे.

मालक तन्वीरशेजारी बाकावर बसले आणि "चुकलो" म्हणाले. त्यांनी तक्रार मागे घेत असल्याचे लिहून दिले आहे. आरोही स्क्रीनवर तिसरे, पिवळे बटण बसवणार आहे, देवाच्या टॉवेलसाठी, आणि मशीनला पुन्हा शिकवायला तिने मला टेबलावर बोलावले आहे. मी पंखा मागितला आहे. माझी कुणाविरुद्ध तक्रार नाही.

वरील जबाब मला मोठ्याने वाचून दाखवला. त्यात तन्वीरच्या नावाआधी 'संशयित' असा शब्द टाकला होता. तो खोडल्याशिवाय मी उठणार नाही असे सांगितले. उत्कर्षाबाईंनी साहेबांकडे बघितले, साहेबांनी मान हलवली, आणि बाईंनी माझ्यासमोर तो शब्द खोडून बाजूला सही केली. आता जबाब माझ्या सांगण्याप्रमाणे बरोबर आहे.