अबोल्यात लिहिलेली पट्टी

— नाही हो ताई, अक्षर एकही तुटलेलं नाही, उगाच जीव टांगणीला लावून घेऊ नका. भिंग धरून दोनदा पाहिलं. बावीस वर्षं ही मेझुझाची, देवाच्या वचनांची पट्टी आपल्या यहुदी रीतीनं तुमच्या दाराच्या चौकटीवर नळीत बसून होती — सात वर्षांत दोनदा तपासून घ्यायची असते, पण तुमच्या वडिलांना कोण सांगणार — तरी शाई काळीभोर, कुठं पापुद्रा सुटलेला नाही. चामडं शुद्ध जनावराचं, अक्षराला अक्षर चिकटलेलं नाही, अक्षरांच्या डोक्यावरचे बारीक काटेसुद्धा जागच्या जागी. हात मात्र फुगीर आहे लिहिणाऱ्याचा, सगळी अक्षरं पोटभर जेवून उठल्यासारखी. कुणी लिहिलीय? मीच की. मग मला घाम का फुटला, असंच ना? पंखा बंद आहे म्हणून. — बरं, चालू आहे. बसा.

त्याचं असं झालं — या पट्टीत देवाचं नाव दहा वेळा येतं, आणि दरवेळी लेखणी टेकवण्याआधी लिहिणाऱ्यानं तोंडानं म्हणायचं, या नावाच्या पवित्रतेसाठी मी लिहितोय. नुसतं मनात नाही, तोंडानं. कारण मन काय, पहिल्या अक्षराशी असतं आणि दुसऱ्याला बाजारात जाऊन पोचतं. आता ही पट्टी लिहिली त्या दिवशी आमच्या घरात अबोला. माझा आणि बायकोचा. दिवस अकरावा. कारण? तिच्या भावाला मी चिकट म्हणालो. होताच तो चिकट — ते असू दे. हे टेबल तेव्हाही इथंच, समोर ते स्वयंपाकघर, मध्ये दार नाही. मी तोंड उघडलं असतं तर तिला वाटलं असतं, आले शरण. मग काय, मी ओठ आवळून लिहिलं. दहाच्या दहा वेळा. मनात तरी देव होता का? मनात मेहुणा होता. एवढा मोठा मी, दाढी पांढरी व्हायला लागलेली, लोक मला वाकून विचारणार की हे अक्षर चालतं का हो — आणि मी देवापुढे बायकोशी रुसून बसलेला.

आणि तिला कळलं. कसं म्हणजे? ती रोज ऐकायची. मी ते वाक्य म्हटलं की आत भांडी वाजायची थांबायची, नाव लिहून होईपर्यंत थांबायची. मला वाटायचं, योगायोग. त्या दिवशी भांडी आपली वाजतच राहिली, माझ्या लक्षातही आलं नाही. संध्याकाळी ती आली, कणीक मळलेले हात पुसलेही नव्हते, पट्टीच्या कडेवर अंगठा टेकवला आणि म्हणाली, “अहो, तुम्ही एकदाही म्हटलं नाहीत. ही विकू नका.” आणि मी काय म्हणालो असेन? मी म्हणालो, “आधी तू बोललीस.” अकरा दिवसांनी माझं पहिलं वाक्य हे. जिंकलो मी. वर सांगितलं की मी पुटपुटलो होतो, तुझे कान गेलेत. आणि दुसऱ्या दिवशी हीच पट्टी तुमच्या वडिलांच्या हातात ठेवली, ते म्हणाले अक्षर कसं भरदार आहे, तर मान डोलावून ऐकूनही घेतलं. हा कोपऱ्यातला तेलकट डाग बघा. तिचा अंगठा. नळीतून पट्टी बाहेर काढली तेव्हा आधी हाच दिसला मला, अक्षरं नंतर.

आता गंमत ऐका. आपलं शास्त्र म्हणतं, पट्टी गिऱ्हाइकाच्या हाती गेल्यावर लिहिणारा असलं काही सांगायला लागला, तर त्याची मजुरी बुडते, पण पट्टी बाद होत नाही. म्हणजे माझं बोलणं माझ्या नुकसानीपुरतं खरं, बाकी थापा. शास्त्रकारांनी मला बरोबर ओळखलं होतं. तेव्हा तुमच्या वडिलांनी दारातून येता-जाता हिला भक्तीनं लावलेला हात काही वाया गेला नाही. पण मला माहीत आहे ना — म्हणून नवी लिहून देतो, दहाही वेळा मोठ्यानं म्हणून, आणि ही तुम्ही मला — नाही, मी कोण मागणारा? तुमच्या वडिलांची आहे ती. मी आपलं सांगितलं, की बायकोला जाऊन चार वर्षं झाली, फोटो आहेत घरात पुष्कळ, पण फोटोत अंगठा कुठं येतो.

बघा, रेघा मारून ठेवलेलं चामडं तयारच आहे. तिसऱ्याच शब्दाला नाव येतं. मी मोठ्यानं बोलेन, ते तुमच्याशी नाही हं — “या नावाच्या पवित्रतेसाठी मी लिहितोय.” — काय? थांबलो होय? सवय. ते वाक्य म्हटलं की भांडी थांबायची वाट बघतो मी. ती आधीच थांबलेली असतात. — घ्या, मध्येच बोललो, आता पुन्हा म्हणावं लागणार.

निघालात? गुरुवारी या, नवी तयार असेल. — अहो ताई, पट्टी राहिली तुमची टेबलावर. — अहो, ही —

बरं. दार ओढून घ्या.