डोळा आला होता

धुळ्याच्या डोळ्यांच्या दवाखान्यात नंबरची वाट बघताना प्रज्ञाचा डोळा खाजू लागला. तिनं पर्समधली ॲलर्जीच्या थेंबांची बाटली उघडली. शेजारी सोनगीरच्या पार्वताबाई मुलाशी बोलत होत्या; मांडीवर एका डोळ्याला पट्टी बांधलेली नात झोपली होती.

“दरसाल ॲलर्जीनं तिना डोया खाजतस ना, युवराज? म्हणून तेच थेंब टाकात मी.”

“आई, या वेळी बुबुळावर व्हायरल इन्फेक्शन होतं. त्या थेंबांतल्या स्टेरॉइडनं ते आणखी चिघळलं. ॲलर्जीवाल्या पोरांना जास्तच जपावं लागतं म्हणे.”

“मले वाटनं, यंदाबी तसाच डोया उना शे.”

“आम्हालाही डोळा आलाय असंच वाटलं, आई.”

“आते दिसी ना तिले?”

“बुबुळावर डाग पडलाय.”

“म्हंजे डोया उना नही रे भाऊ… गया.”

प्रज्ञानं बाटलीला टोपण लावलं.