मांडवात राहिलेली ओवी

आष्टीच्या तहसील कचेरीपुढं म्हाळू धनगर चराईच्या परवान्यासाठी ताटकळत बसला होता. मागं लिंबाच्या पारावर दोघं जमीनदार बोलत होते. त्यातला एक आवाज आप्पांचा. त्यांच्याच लेकीच्या लग्नात म्हाळू ओव्या गायला गेलता. त्यानं घोंगडी तोंडावर ओढून घेतली.

“आप्पा, हैदराबादचा कव्वाल सोडून मांडवात धनगर कावून बसवले?”

“मला आवडतंय त्यांचं गाणं, अर्जुनराव.”

“तुमाला आवडतंय, पर व्याही उठले. त्यांच्यामागं सारा मांडव उठला.”

“मी बसलो होतो की.”

“एकटेच?”

“खांबाआड होतो. गाणाऱ्याला दिसलो न्हाई. मांडव रिकामा बघून त्यानं ढोल उचलला अन् गेला.”

“बरं झालं. लेकीला सासरी टोमणे बसतेत, ते तुमाला दिसत न्हाईत?”

“दिसतेत. तिचं वाईट वाटतं.”

“मंग?”

“पर ओवीतली ती बहीण भावाला हुडकत रानात शिरली, अन् गाणं तिथंच राहिलं. तिला भाऊ घावला का न्हाई, कुणालाच सांगता येईना.”

त्या लग्नापासून म्हाळूनं तोंडातून एकही ओवी काढली नव्हती. तो उठला आणि पारापुढं जाऊन उभा राहिला.

“रामराम आप्पा. तो गाणारा मीच. त्या बहिणीला भाऊ...”

“थांब बे!” आप्पांनी हात वर केला. “असं सांगू नको. बस इथं अन् गा.”

अर्जुनराव उपरणं झटकून कचेरीत निघून गेले. म्हाळूनं एक हात कानाशी नेला.