चौथ्या मॉडेलचा आवाज

आणि वर मलाच विचारतात, "इतकी वर्षं तुमच्या लक्षात कसं आलं नाही?" आता काय लक्षात यायचं, सांगा बरं. नवरा ऐकत नाही, ही काय डॉक्टरकडे न्यायची तक्रार आहे का? तसं असतं तर प्रत्येक दवाखान्याबाहेर बायकांच्या रांगा लागल्या असत्या, टोकन घेऊन... असो. तर तुम्हाला सांगते, आमचे हे मेकॅनिक. पण रस्त्याकडेच्या गॅरेजातले नाहीत हं, त्या बड्या जर्मन गाडीच्या सर्व्हिस सेंटरमधले, जिथली फरशी माझ्या ओट्यापेक्षा स्वच्छ असते आणि गाडी दुरुस्त होईपर्यंत गिऱ्हाइकाला बसायला सोफा. तिथे यांना कोणी नावाने ओळखायचंच नाही. 'कानवाले काका' म्हणायचे. का, तर हे लांब स्क्रू-ड्रायव्हर घ्यायचे, टोक चालत्या इंजिनवर टेकवायचे, मूठ कानाला लावायची, डोळे मिटायचे आणि म्हणायचे, "तिसरा इंजेक्टर." उघडून बघावं तर तिसराच. दुसरा नाही, चौथा नाही, तिसराच.

घरीसुद्धा तेच. मी कपडे शिवते. माझं मशीन चालू असलं की हे जिन्यात असतानाच खालून सांगायचे, "अगं, शटलला तेल घाल, कोरडं चाललंय." मला राग यायचा. म्हणजे दाखवायला राग. आतून बरं वाटायचं, की माणूस दोन मजले खालून आपलं मशीन ओळखतो.

आता आमच्या घरात काळ मोजायचा तो सालावर नाही, दातांच्या डॉक्टरीणबाईंच्या गाडीवर. या बाई दर तीन वर्षांनी गाडी बदलणार, पण मॉडेल तेच. नाव तेच, पाठीवरचा आकडा तोच, गाडी मात्र दुसरीच. दहा वर्षांत चार झाल्या. आणि प्रत्येक गाडी यांच्याच हाताखालून जाणार, कारण बाईंचा हट्ट, "काकांनी ऐकल्याशिवाय मी नेणार नाही."

पहिली आली तेव्हा हे चार दिवस तिच्याबद्दल बोलत होते. सहा सिलिंडर, खऱ्या काट्यांची घड्याळं, ओढायचा हँडब्रेक, तेल बघायची पट्टी. म्हणायचे, "चालू केली की घसा साफ करते आणि मग बोलते." मी म्हटलं, मग माझ्याशी कोण बोलणार? हसले. तेव्हा हसायचे.

तीन वर्षांनी दुसरी. पुढची जाळी मोठी झाली, किल्ली गेली, बटण आलं, सहाचे चार सिलिंडर झाले आणि पाठीवर आकडा मात्र जुनाच, म्हणजे माणूस बारीक होऊन तोच कोट घालून फिरावा तसं. तेलाची पट्टीच काढून टाकली. तेल किती आहे ते आता पडदा सांगणार. सिग्नलला उभी राहिली की इंजिन आपोआप बंद. घरी आले, बूट काढले आणि म्हणाले, "आवाजच येत नाही गं." मी म्हटलं, अहो, बंद पडते ना ती सिग्नलला, मग कसा येणार? "नाही, चालू असताना पण." मी म्हटलं, चांगलंय की, लोक त्याचेच तर पैसे देतात. पुढे सहा महिन्यांनी यांना शोध लागला की त्या गाडीत इंजिनाचा आवाज स्पीकरमधून सोडतात. खोटा. त्या दिवशी हे जेवले नाहीत. घरात कोणी गेल्यासारखे बसून होते.

तिसरी आली. काटे गेले, बटणं गेली, या खिडकीपासून त्या खिडकीपर्यंत नुसती काच. इंजिनावर काळं प्लास्टिक, वर कंपनीचं चिन्ह. स्क्रू-ड्रायव्हर टेकवायचा कुठे, चिन्हावर? आणि गाडी स्वतः बोलते. बायकी आवाजात, अगदी मऊ, "मी आपल्याला काय मदत करू?" हे म्हणाले, "तू गप्प बस, मला इंजिन ऐकू दे." तर ती म्हणाली, "माफ करा, मला समजलं नाही." सगळं वर्कशॉप हसलं. हे नाही हसले. घरी येऊन पुन्हा तेच, "आवाजच येत नाही." आणि मी, तुम्हाला खरं सांगते, मी हो ला हो करत राहिले. जर्मन लोकांना मीही दोन शिव्या घातल्या. काय वाईट केलं होतं त्यांनी माझं? पण नवऱ्याच्या बाजूने बोलायचं म्हणून बोलले.

याच काळात माझं मशीन खडखडायला लागलं. मी तेल घातलं नाही. मुद्दाम. म्हटलं बघू, जिन्यातून सांगतात का. एक आठवडा, दोन आठवडे, सहा महिने... शेजारच्या खुर्चीत बसून पेपर वाचायचे आणि माझं मशीन दळण दळल्यासारखं चाललेलं. एक शब्द नाही. मी काय समजले, सांगू? मी समजले, यांना माझा कंटाळा आला. बाई दुसरं काय समजणार? टीव्ही मोठा लावतात, हाक मारली तर तिसऱ्यांदा वळतात, विचारलेलं एक आणि उत्तर भलतंच. मुलगी म्हणाली, "आई, बाबांचं वय झालंय." मी म्हटलं, वय माझंही झालंय, मी वळते ना पहिल्या हाकेला? मग मीही बोलणं कमी केलं. एका घरात दोन माणसं, दोघंही रुसलेली, आणि दोघांनाही वाटतंय की समोरचाच गप्प झालाय.

मग आली चौथी. विजेची. इंजिनच नाही. बॉनेट म्हणे गिऱ्हाइकाने उघडायचंसुद्धा नाही. हे दोन दिवस तिच्याभोवती नुसते फिरत होते, कुलूप लागलेल्या घराभोवती फिरावं तसे. आणि नेमकी तीच गाडी घेऊन डॉक्टरीणबाई महिन्याभरात परत. "काका, साठच्या पुढे गेलं की पुढून उजवीकडून बारीक घरघर येते." लॅपटॉप लावला, लॅपटॉप म्हणतो सगळं ठीक. मॅनेजर म्हणाला, "काकांना बसवा गाडीत." तुम्हाला सांगते, किती वर्षांनी कोणी यांचा कान मागितला होता. शर्टाची वरची गुंडी लावून बसले. बाईंनी गाडी साठवर नेली, सत्तरवर नेली. "आला का काका? हा बघा... आत्ता." हे डोळे मिटून बसलेले. मग म्हणाले, "बाई, या गाडीला आवाजच येत नाही. मनाचे खेळ आहेत तुमचे." आणि कागदावर सही केली, गाडी ठीक.

चौथ्या दिवशी हमरस्त्यावर त्याच उजव्या चाकाचं बेअरिंग जळलं. चाक जाम झालं, गाडी गिरकी घेऊन कठड्याला टेकली. आत बाई आणि त्यांची ऐंशी वर्षांची आई. दोघी वाचल्या. म्हातारीच्या हाताला प्लास्टर. मॅनेजर ओरडला असता तर बरं झालं असतं. त्याने केबिनमध्ये बसवलं, दार लावलं आणि हळूच विचारलं, "काका, खरंच ऐकू आलं नव्हतं?" आणि हे म्हणाले, "काय म्हणालात?"

बस. तिथेच कळलं सगळ्यांना.

कानाच्या तपासणीला मी गेले सोबत. काचेच्या खोलीत यांना बसवलं, कानावर हेडफोन, हातात बटण. टूं आवाज आला की दाबायचं. बाहेर माझ्यासमोर त्या तपासणाऱ्या बाई आवाज सोडतायत, एक, दोन, पाच, आठ... आणि हे बटणावर अंगठा ठेवून शाळकरी पोरासारखे ताठ बसलेले, वाट बघत. मला बघवेना. बाहेर आल्यावर त्यांनाच सांगतात, "बाई, मशीन बंद आहे तुमचं. दुरुस्त करून देऊ का?"

त्या बाई चांगल्या होत्या. यांच्या तोंडासमोर तोंड नेऊन सावकाश बोलल्या, "काका, वर्कशॉपच्या गोंगाटाने बारीक आवाज आधी जातात. हळूहळू जातात. माणसाला वाटतं, जगच शांत झालंय." मी विचारलं, कधीपासून असेल? म्हणाल्या, "आठ-दहा वर्षं तरी."

घरी येताना बसमध्ये हे खिडकीबाहेर बघत होते. म्हणाले, "म्हणजे त्या दुसऱ्या गाडीला आवाज असेल गं. मला उगाच वाटलं."

डॉक्टरीणबाईंकडे मात्र गेले. म्हातारीपुढे हात जोडून उभे राहिले. बाई म्हणाल्या, "काका, गाडी बदलून मिळते मला, तुम्ही जिवाला लावून घेऊ नका." त्यातलं यांना किती ऐकू आलं देव जाणे, मान हलवून आले.

कानात घालायचं मशीन घेतलं. पहिल्याच दिवशी माझं शिलाई मशीन ऐकलं आणि दचकून उठले. "अगं, हे असं कधीपासून चाललंय?" म्हटलं, चार वर्षं. उभ्या उभ्या तेलाची बाटली आणली, शटल काढलं, पुसलं, तेल घातलं, परत बसवलं. एक तास लागला. माझ्याकडे बघितलं नाही आणि मीही त्यांच्याकडे बघितलं नाही. दुसऱ्या दिवशी कामावर गेले, कोणाला न सांगता तिथे दुरुस्तीला आणलेल्या त्या चौथ्या मॉडेलमध्ये जाऊन बसले, दार लावलं, गाडी चालू केली. संध्याकाळी मी विचारलं, आला का आवाज? म्हणाले, "नाही गं. खरंच येत नाही. तिला बोलायचंच नाहीये."

आता निवृत्तीला दोन वर्षं उरली. वर्कशॉपमध्ये ठेवता येत नाही, काढून टाकायला मॅनेजरचं मन होत नाही, म्हणून यांना बसवलंय कुठे? तक्रार घेऊन येणाऱ्या गिऱ्हाइकांसमोर. हे काय करतात, सकाळी कानातलं मशीन काढून ड्रॉवरमध्ये ठेवतात आणि दिवसभर समोरच्याकडे बघून मान हलवतात. आणि गिऱ्हाइकं इतकी खूश, की या महिन्यात भिंतीवर यांचा फोटो लागलाय, खाली लिहिलंय, 'मनापासून ऐकून घेणारा कर्मचारी'. घरी आल्यावर मी विचारते, काय हो, आज काय काय झालं? तर म्हणतात, "विशेष काही नाही. सगळे येऊन ओठ हलवून गेले."