तव्याची पाठ आणि इसाओ-सान

…आणि वर बायको मलाच विचारते, "अहो, तुम्ही जळता की काय?" म्हणजे बघा. ज्या माणसाचं तोंड आपण पाहिलं नाही, आवाज ऐकला नाही, जो या जगात आहे की नाही तेही ठाऊक नाही, त्याच्यावर मी जळेन? मी, कुवाता, ओसाकातल्या निप्पोनबाशीच्या मागच्या गल्लीत इतकी वर्षं दुकान टिकवून बसलेला माणूस? छे. मी जळत नव्हतो. फक्त जेवण जात नव्हतं.

थांबा, नीट सांगतो. माझं दुकान जुन्या व्हिडिओ गेमच्या कॅसेटींचं. लोक खेळून कंटाळले की आणून विकतात, मी झाडूनपुसून मांडतो, दुसरे घेऊन जातात. शाळा मी मध्येच सोडली. बापाच्या हाताखाली रेडिओचे सुटे भाग विकताना जी काय अक्कल आली ती आली, आणि त्यातली पहिली अक्कल अशी, की गिऱ्हाइकाला माल दाखवावा. झाकलेला माल कोण घेईल? आणि ह्या गेम बनवणाऱ्यांनी काय करावं? अख्खं जग रचायचं, डोंगर, नद्या, गावं, गुहा, सगळा नकाशा छान रंगवायचा… आणि वर काळं फडकं टाकायचं! तुमचा वीर जिथे पाऊल ठेवील तेवढंच दिसेल. पुढे चला, आणखी टीचभर उजेड. बाकी अंधार. आणि लोक त्या अंधारासाठी सकाळपासून रांगा लावतात हो. नववर्षाला आम्हीही न खपलेला माल बंद पिशवीत घालून विकतो, धंदा तोच, पण यांचा थाट बघा. ही युक्ती मला का सुचली नाही म्हणून तेव्हा थोडा जळलो, ते कबूल. पण तेवढंच.

तर झालं काय, दुपारी दुकानात माशा मारायची पाळी येते, तेव्हा गल्ल्यावर हिसाए बसते. हिसाए म्हणजे आमची बायको. समोर छोटा टीव्ही, आलेली कॅसेट चालते की नाही ते लावून बघायचं, एवढंच तिचं काम. एक दिवस असाच एका गठ्ठ्यातून एक गेम निघाला. वीर, तलवार, राक्षस, नेहमीचंच. त्या कॅसेटमध्ये तीन कप्पे असतात, म्हणजे तीन माणसांनी आपापला खेळ जिथवर आला तिथवर साठवून ठेवायचा. जुन्या मालकाचा कप्पा तसाच राहतो, आम्ही पुसत नाही. दुसऱ्याच्या घरातला केर आपण का काढावा? नवीन गिऱ्हाईक घेईल, तो पुसेल. हिसाएने पहिला कप्पा उघडला. नाव लिहिलेलं: इसाओ. आणि नकाशा…

"अहो, इकडे या. बघा तर खरं."

तुम्हाला सांगतो, अख्खा नकाशा लख्ख. या टोकापासून त्या टोकापर्यंत. एकेक खाडी, एकेक घळ. साध्या जंगलातसुद्धा हा माणूस कडेकडेने फिरून आलाय, जिथे ना पेटी, ना राक्षस, ना सोनं. मी म्हटलं, रिकामटेकडा असेल. तर म्हणते, "रिकामटेकडा नाही, निवांत आहे." आता या दोन शब्दांत काय फरक असतो, ते मला वीस वर्षांत कळलं नाही, आणि तिला एका नकाशात कळलं!

झालं. दुसऱ्या कप्प्यात तिने स्वतःचा खेळ सुरू केला आणि मग रोज इसाओ-सान, म्हणजे इसाओराव. "इसाओ-सान ह्या बेटावर उत्तरेकडून गेले असणार." "इसाओ-सान घाई करत नाहीत." वाढताना इसाओ-सान, भांडी घासताना इसाओ-सान. अहो, माझ्या आईने माझं इतकं कौतुक कधी केलं नाही.

मी म्हटलं, त्यात काय, मीही खेळतो. तिसऱ्या कप्प्यात माझा वीर उभा केला. आणि मी चांगला खेळलो बरं का. पहिल्या गावात जडीबुटी स्वस्त, तिसऱ्या गावात महाग, हे माझ्या लगेच लक्षात आलं. मी तलवार उपसलीच नाही. या गावातून घ्यायचं, त्या गावात विकायचं. माझा वीर राज्यातला सगळ्यात श्रीमंत माणूस झाला, सोन्याचं चिलखत घालून हिंडत होता. हिंडत होता म्हणजे… त्याच रस्त्याने जात होता आणि त्याच रस्त्याने येत होता. हिसाएने माझा कप्पा उघडून पाहिला. बराच वेळ पाहिला. इसाओचा नकाशा लख्ख, तिचा निम्मा उजळलेला, आणि माझा? तव्याची पाठ. काळीकुट्ट तव्याची पाठ, आणि तिच्यावर उंदराने काढावी तशी एक रेघ.

"बेप्पूलाही असंच केलंत तुम्ही," म्हणाली.

बेप्पू म्हणजे लग्नानंतर आम्ही बोटीने गेलो होतो ते. गरम पाण्याच्या झऱ्यांचं गाव. मी म्हटलं, "बेप्पूचं इथे काय?"

"मी एकटीच सगळे झरे बघायला गेले आणि तुम्ही दुकानांतून टॉवेलचे भाव विचारत फिरलात."

आता टॉवेलचे भाव विचारले, तर आपल्या भल्यासाठीच ना? त्यानंतर आम्ही कुठे गेलो नाही, हेही खरं. दुकान कोण बघणार? इसाओ बघणार?

शेजारी निशिओ न्हावी आहे, त्याच्याकडे गेलो. मान खाली घातली की माणूस मन मोकळं करतो. तो कात्री चालवत म्हणाला, "काय कुवाता, धंद्यात सुटतंय का काही?" मी म्हटलं, "जेमतेम." मग सगळं सांगितलं. तर हा नालायक आरशातून हसतोय. "म्हणजे तुझ्या बायकोचं एका कॅसेटशी सूत जुळलं म्हण की." मी म्हटलं, "हसू नकोस, उपाय सांग." तर म्हणे, "पुसून टाक त्याला. तुझंच दुकान, तुझीच कॅसेट."

मलाही पटलं. हिसाए बाजारात गेलेली बघून बसलो, इसाओच्या कप्प्यावर आलो, 'पुसा' दाबलं. तर तो गेम विचारतो, 'खरंच पुसायचं?' बाण आपोआप 'नाही'वर उभा. मी 'हो'वर नेला. माझा अंगठा… तुम्हाला सांगतो, मी आयुष्यात बोहनीच्या वेळीसुद्धा इतका विचार केला नव्हता. एवढी खाडी न् खाडी त्या माणसाने पायाखाली घातलेली. दुसऱ्याचं केलेलं काम फुंकून टाकायला हात धजेना. तेवढ्यात मागून, "काय चाललंय?"

"पुसतोय."

"काय?"

"धूळ."

पण मी व्यापारी आहे. पुसता येत नाही ते विकता येतं. दुसऱ्या दिवशी ती कॅसेट दर्शनी फळीवर ठेवली, भाव असा लावला की फुकट म्हणा. अर्ध्या तासात गिऱ्हाईक! मी कागदात गुंडाळली, दोरा बांधला, हातात देणार… आणि मधून हिसाएचा हात. "माफ करा हं, ही विकली गेलीय." गिऱ्हाईक म्हणे, "कुणाला?" ही म्हणते, "मला." आणि त्यावर 'विकलेली' अशी चिठ्ठी चिकटवून मागच्या कपाटात ठेवून दिली. शत्रूला घराबाहेर काढायला गेलो, तो कायमचा राहायला आला.

आता एकच मार्ग उरला. इसाओच्या त्या लख्ख नकाशावर ईशान्येच्या कोपऱ्यात एक डाग होता. अंगठ्याच्या नखाएवढा. काळा. एवढं सगळं जग पालथं घालणाऱ्या माणसाने एवढा एक तुकडा का सोडला? हिसाए तासन्‌तास त्याच्याकडे बघायची. "काहीतरी कारण असेल," म्हणायची, अशा आवाजात की जणू माझ्यात कधी कसलं कारणच नसतं. मी म्हटलं, बास. तो कोपरा मी उघडणार. सगळं जग त्याचं असू दे, तेवढा डाग माझा.

मग जडीबुटीचा धंदा बंद. तो कोपरा म्हणजे दलदलीच्या पलीकडे, आणि दलदलीत पाऊल टाकलं की वीराचा जीव कमी कमी होत जातो. माझा सोन्याच्या चिलखतातला शेठ किती वेळा बुडाला, विचारू नका. दुकानात गिऱ्हाईक आलं तरी मी हात दाखवून थांबवायचो. शेवटी कमावलेलं सगळं सोनं औषधात घालून, धापा टाकत पलीकडे पोचलो. काळा तुकडा उघडला. आत काय असेल? एक बाक. समोर समुद्र. संपलं. ना पेटी, ना सोनं. मी दोनदा बाकाखालीसुद्धा शोधलं.

तरी म्हटलं, उघडला ना? हाक मारली, "हिसाए, ये, इसाओला जमलं नाही ते बघ."

ती आली. बघितलं. आणि तुम्हाला सांगतो, तिचा चेहरा असा उतरला की मी तिथल्या तिथे तो तुकडा परत काळा केला असता.

"तुम्ही उघडलात…"

"मग? उघडायचा नव्हता?"

"माझं सगळं बघून झालंय केव्हाच. तेवढा एक मीही ठेवला होता. तोही संपला की दुपारी मी काय करू?"

माझा बाकीचा नकाशा तर तव्याची पाठच होती, उजळला तो नेमका तिने जपलेला कोपरा.

आणि दुसऱ्याच आठवड्यात, हिसाए गल्ल्यावर, मी शिडीवर, दार सरकवून एक माणूस आत आला. ठेंगणा, केस विरळ, गळ्यात मफलर. "माझी एक जुनी कॅसेट इकडे विकली होती," म्हणाला. "कुणी पुसली तर नाही ना, बघायला आलो. मी इसाओ."

शिडीवरून मी उतरलो की पडलो, मला आठवत नाही. हिसाएने चहा ठेवला, भाताच्या कुरकुरीत चकत्या काढल्या, ज्या मी मागितल्या की संपलेल्या असतात. मी मुद्द्यावर आलो. म्हटलं, "काय हो, तो ईशान्येचा कोपरा का सोडलात?"

त्याने डोकं खाजवलं. "अहो, माझा पाय मोडला होता. प्लास्टरमध्ये पडून होतो. चालता येईना, म्हणून त्यात चालत बसायचो. कडेकडेने, सगळीकडे. दलदलीपर्यंत आलो आणि प्लास्टर निघालं."

"मग?"

"मग काय, पाय होता ना. बाहेर पडलो."

बस्स. एवढंच रहस्य. मी मनात म्हटलं, फुगा फुटला, आता ही भानावर येईल. हिसाएने त्याच्याकडे बघितलं, मग माझ्या पायांकडे. आधी डाव्या, मग उजव्या.

"तुम्हाला तर दोन्ही आहेत," म्हणाली.

त्या बुधवारी कुवाताच्या दुकानाचं शटर खाली होतं. निशिओ धावत आला, म्हणे कोण गेलं? मी म्हटलं, मी जातोय. तेन्नोजी स्टेशनाहून गाडी पकडली, डबा घेतला, मोहरीच्या खारवलेल्या पानात गुंडाळलेले भाताचे गोळे, भाव न विचारता. पार दक्षिणेला शिओनोमिसाकीच्या टोकावर गेलो, जिथे पुढे जमीनच नाही. पांढरा दीपस्तंभ, वारा, आणि समुद्र असा की डोळ्यांत मावेना. आम्ही बसलो. मी म्हटलं, "कसं वाटतंय?" तिचे डोळे भरलेले. मी म्हटलं, जिंकलो. वीस वर्षांनी का होईना, कुवाता जिंकला.

मग हळूच म्हणाली, "इसाओ-सानला दाखवायला हवं हो हे."

मी उठून फोटो काढला. परतल्यावर त्याच्या दोन प्रती करायला दिल्या, एक आमच्याकडे, एक इसाओला नेऊन दिली. आणि तुम्हाला सांगतो… त्याच्या प्रतीत समुद्र, आकाश, दीपस्तंभ, सगळं लख्ख. आणि माझी छापताना फोटोवाल्याचा हात चुकला, पार काळी निघाली. तव्याची पाठ.