पाहिलेलं आणि सापडलेलं

—नाही हो काकू, डिस्क काढून नाहीच आणता येत, तेच तर सांगतेय मघापासून! बसा ना. त्या खुर्चीचा एक पाय डुगडुगतो, भिंतीकडे सरकून बसा. हं. तुमचा भाचा म्हणतो की आमच्यासारखे तपासवाले कॉम्प्युटर उचलतात, सीलबंद पिशवीत घालतात आणि त्यातून सगळं बाहेर निघतं. निघतं, बरोबर आहे त्याचं, पण उचलायला कॉम्प्युटर हवा ना! तुमच्या परीक्षा विभागाचं गुणांचं सॉफ्टवेअर भाड्याच्या मशीनवर चालतं, आणि ते मशीनसुद्धा खरं नव्हे. कुठेतरी लांब एक मोठी इमारत आहे, तिच्यात अवाढव्य कॉम्प्युटर, आणि एकेकाच्या पोटात अशी तीस-चाळीस नुसती मानलेली मशीनं. लॉजच्या खोल्या समजा. तुमचं काम सहा खोल्यांत चालायचं. खोली रिकामी झाली की झाडून-पुसून, चादर बदलून, लगेच दुसरं गिऱ्हाईक. आता गेलेल्या माणसाचा केस मी कुठल्या उशीवर शोधू?

त्या इमारतवाल्या कंपनीला मी अकरा पत्रं लिहिली. अकरा! नऊ दिवसांनी उत्तर काय, तर ‘आपला प्रश्न आमच्यासाठी मोलाचा आहे’. खाली एक फॉर्म, आणि फॉर्ममध्ये विचारलंय, मशीन कुठल्या देशात होतं? अहो, तुमचं मशीन, तुमची इमारत, मला विचारताय? पुन्हा लिहिलं, तर दुसराच माणूस, त्याला पहिल्यापासून सगळं सांगा. आंधळं दळतंय नि कुत्रं पीठ खातंय. शेवटी मिळाली काय, तर नोंदवही. मंगळवारी सकाळी अकरा चाळीसला तुमच्या लॉगिननं सात मुलांचे गुण वाढले. संपलं. तुम्ही त्या वेळी दातांच्या डॉक्टरकडे आ वासून बसला होतात, हे चौकशी समितीलाही मान्य आहे, पावती दाखवलीत ना तुम्ही. पण त्यांचं म्हणणं, मग पासवर्ड तुम्हीच कुणाला तरी दिलात. बत्तीस वर्षं एकाही मुलाचा अर्धा गुण इकडचा तिकडे न करणारी बाई नोकरीच्या शेवटच्या पाच महिन्यांत पासवर्ड वाटत फिरेल का, हे नोंदवहीला कळत नाही. तिला नाव कळतं फक्त. आणि तो चोर किती निर्लज्ज बघा, स्वतःचं नाव काय घेतलंय तर ‘घड्याळ’! म्हणजे कुणी पाहिलंच तरी वाटावं, असेल मशीनचंच काहीतरी वेळ दाखवणारं. तीन दिवस ठिय्या देऊन बसला होता तिथं, जो आत येईल त्याचं लॉगिन खिशात घालत—

काय?

नाव... नाव मला कसं कळलं म्हणजे, अशांची नावं साधारण तशीच असतात. आमच्या कामात अंदाज येतो. — दार वाजलं का? नाही? प्रिंटर असेल. मेला मध्येच आपला आपण घरघरतो आणि माझा जीव अर्धा होतो. आई म्हणते, तुझ्यासमोर फुगा फुगवायचीसुद्धा सोय नाही. — तुम्ही अशा बघू नका हो माझ्याकडे. चष्मा पुसा, पाणी प्या, पण अशा बघू नका.

पाहिला मी तो. झालं? या डोळ्यांनी पाहिला, ह्याच पडद्यावर. तक्रार आली त्याच दिवशी. सहाही मशीनं एकेक करून बघत होते, चौथ्यावर हा, ‘घड्याळ’ नावाचा चोरटा प्रोग्रॅम. खरं घड्याळ मशीनमध्ये असतंच, मग हे दुसरं कसलं म्हणून उघडलं, तर आत लॉगिनांची यादी चाललेली, आणि तिसऱ्या ओळीत तुमचं. तेव्हा काय करायचं असतं? मोबाइल काढायचा, पडद्याचा फोटो घ्यायचा, दोन सेकंदांचं काम. पण आम्हाला वर्गात घोकून घेतलंय, आधी तोडा, मग पाहा. म्हणजे बाधा झालेलं मशीन आधी बाकीच्यांपासून तोडायचं, चोराला पळायला वाट ठेवायची नाही. त्या पेपरात मला ब्याण्णव पडले होते, काकू. मी तोडलं. आणि पंचनाम्याचा कोरा कागद आणायला त्या प्रिंटरपाशी गेले.

वर्गात हे कुणी सांगितलं नव्हतं, किंवा सांगितलं असेल आणि मीच पाठ केलं नसेल, की या खोल्यांवर एक रखवालदार असतो. माणूस नव्हे, प्रोग्रॅमच. दर अर्ध्या मिनिटानं हाक मारतो, आहेस का रे? ओ आली नाही की समजतो, मेलं. मग ते मोडून टाकतो आणि त्याच जागी नवं कोरं उभं करतो, तुमचं काम अडू नये म्हणून. आधी रखवालदाराच्या यादीतून त्या मशीनचं नाव काढायचं असतं. एक बटण. एकच! मी नाही दाबलं. मीच दोर कापलेला, मशीन बिचारं ओ देणार कसं? कागद घेऊन आले तर सहाच्या सहा हिरवी, ठणठणीत. आणि खोटं कशाला सांगू, आधी मला बरंच वाटलं! मग चौथं उघडलं. चकाचक. चार मिनिटांपूर्वी जन्मलेलं. जुन्याची डिस्क त्याच्याबरोबरच पुसलेली, आणि तो चोर तर डिस्कवर नव्हताच, नुसता मशीनच्या आठवणीत बसलेला. आठवण कुठली राहतेय मेल्यावर.

आमच्या साहेबांना त्याच दिवशी सांगितलं. ओरडले नाहीत. ओरडले असते तर बरं. म्हणाले, ‘पोरी, आपण पाहिलेलं लिहीत नाही, सापडलेलं लिहितो.’ आणि अहवालात वाक्य घातलं, ‘बाहेरच्या हस्तक्षेपाचा पुरावा आढळला नाही.’ खोटं आहे का सांगा? शब्दही खोटा नाही. आढळला नाहीच. का आढळला नाही, ते कुणी विचारलंय? माझी नोकरी कायम व्हायला दोन महिने आहेत, पहिलीच मोठी केस, आणि खाली सही माझी. मी त्या कंपनीला अकरा पत्रं कशाला लिहीत होते वाटतं तुम्हाला? की कुणीतरी म्हणावं, हो, आमच्याकडे एक प्रत आहे. म्हणजे तुमचंही भागेल आणि माझंही झाकलं जाईल. नाहीये त्यांच्याकडे. परवाच कळलं.

शिव्या द्या. तुम्ही ती पिशवी काय कवटाळून बसलात, काय आहे तिच्यात? — दाढेचा एक्स-रे. अहो काकू, एक्स-रे आणलात तुम्ही? समितीला दाखवायला?

किती वाजले? पावणेचार. चारला समिती ना तुमची? मग उठा. नाही, आपण बरोबर नाही जायचं, साहेब म्हणतील तुम्हीच मला पढवून आणलंत. तुम्ही पुढे व्हा. मी हा कागद घेऊन मागून येते, कोराच आहे अजून, त्या दिवशीचा. वेळ, चौथं मशीन, तिसरी ओळ, आणि तोडणारीचं नाव. लिहून होईल दहा मिनिटांत. आता काही बोलू नका, माझा धीर जाईल. जा. आणि दार ओढून घ्या — हळू हो, हळू.