पोतं ओलं होतं

लोहाऱ्याच्या औषध कारखान्यात मी तोंड उघडलं ते एकदाच. कापसाचं जिनिंग बंद पडल्यावर मी तिथं गोळ्यांची भुकटी वाळवायच्या यंत्रावर लागलो होतो. भुकटी ॲसिटोन नावाच्या द्रावकात भिजवलेली असते; वाळवताना ते उडून जायला हवं. एकदा तपासणीत ते जास्त निघालं.

लॅबच्या मॅडम म्हणाल्या, “घाई कायले केली? आता सारा माल फेका लागते, अन् तुले घरी जा लागते.”

माझी भुकटी कोरडी होती. मी म्हटलं, “मॅडम, नमुन्याची रिकामी बाटली तपासा.”

“बाटली काहून?”

“जिनिंगमंदी कापूस ओला निघाला का आम्ही आधी पोतं पाह्यचो.”

रिकाम्या बाटलीतही तेवढंच ॲसिटोन निघालं. लॅबनं बाटल्या त्यानंच धुऊन न वाळवता ठेवल्या होत्या.

मॅडमनी कारणाच्या रकान्यावर पेन टेकवलं. “काय लिहू?”

“लिहा, पोतं ओलं होतं.”